मुलांना घेऊन बोरीबंदर बघायला जाताना

डोंबिवली-कल्याणकडे वाढणारं मूल दहा वर्षांचं होईपर्यंत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, म्हणजे जुन्या बोरीबंदर किंवा व्हीटीवर, पन्नासदा तरी उतरलेलं असतं. कधी गेटवेला जायचं म्हणून, कधी फॅशन स्ट्रीटला, कधी गावची गाडी पकडायला. उतरलं की एका हाताला आई, नाकासमोर कुणाची तरी सॅक, आणि कानात ‘चल चल, मध्ये थांबू नको’. डोक्यावर एवढी मोठी इमारत असते, पण ती त्याला कधी दिसलेलीच नसते.

माझ्या थोरलीने आठव्या वर्षी विचारलं होतं, “आई, व्हीटी म्हणजे स्टेशन ना? मग पुस्तकात राजवाड्याचा फोटो का दिलाय?” त्या प्रश्नाने आम्ही पहिल्यांदा तिथे बघायला म्हणून गेलो. पुढे धाकटा, भाची, सोसायटीतली मुलं अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या. काही छान झाल्या, एक-दोन पार फसल्या. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या इमारतीत माणसं काम करतात. मध्य रेल्वेचं मुख्यालय इथे आहे. १८८८ साली जे जिने चढून कारकून आपापल्या टेबलाशी जायचे, तेच जिने आजही वापरात आहेत. खाली १८ फलाटांवर गाड्या येत-जात असतात. त्यामुळे किल्ला किंवा लेणी बघायला जातो तसं इथे जाता येत नाही. मुलांना घरातून निघतानाच सांगायचं, की आपण कुणाच्या तरी कामाच्या जागी पाहुणे म्हणून जातो आहोत, आणि ती जागा आपलीही आहे. ही दोन्ही वाक्यं लहान मुलांना व्यवस्थित कळतात, असा माझा अनुभव आहे.

आधी वार ठरवा

सगळ्यात जास्त लोकांची खेप वाया जाते ती वारामुळे. मुलांना सुट्टी शनिवार-रविवारी, म्हणून आपण त्या दिवशी निघतो. इमारतीतलं हेरिटेज संग्रहालय मात्र कचेरीच्या वेळापत्रकाने चालत आलं आहे: सोमवार ते शुक्रवार, दुपारच्या वेळी, तिकीट काढून. मी स्वतः पहिल्या वेळी लेकीला शनिवारी नेलं आणि बंद दारापुढे तिचा उतरलेला चेहरा पाहिला. तेव्हापासून मी दिवाळी, नाताळ किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीतला मधला वार धरते आणि सरकारी सुट्टी नाही ना, हे कॅलेंडरवर बघून घेते.

रस्त्यापलीकडच्या महापालिका मुख्यालयाचं बरोबर उलटं. तिथला हेरिटेज वॉक २०२१ मध्ये सुरू झाला तो शनिवार-रविवारसाठी, आगाऊ नोंदणी करून, कारण एरवी तिथे कामकाज चालू असतं. म्हणजे दोन्ही इमारती एकाच दिवशी आतून बघायचा बेत आखूच नका. एक आतून, दुसरी बाहेरून. मुलांच्या पायांनाही तेवढंच झेपतं. स्थानकाच्या पुनर्विकासाचं काम चालू असल्याने दारं, वाटा आणि वेळा बदलत राहतात. निघण्याच्या आदल्या दिवशी वेळ आणि तिकिटाची चौकशी करून घ्या, मुलांना वचन त्यानंतर द्या.

वेळ दुपारची बरी. सकाळी अकरापर्यंत ऑफिसला जाणाऱ्यांचा लोंढा असतो, संध्याकाळी पाचनंतर घरी जाणाऱ्यांचा. मी साधारण एक-दीडला पोचते आणि पाचच्या आत निघते. एप्रिल-मे टाळता आला तर टाळा, रस्त्यावर उभं राहवत नाही. पावसाळ्यातली उघडीप मला सगळ्यात आवडते. दगड धुऊन निघालेला असतो आणि कोरीवकाम लांबूनही उठून दिसतं.

वयाचं म्हणाल तर पाच वर्षांखालच्या मुलाला बाहेरून जनावरं दाखवा, वडापाव खायला घाला आणि घरी आणा. सहा ते नऊ हे वय खरं शोधाशोधीचं. दहाच्या पुढच्या मुलांना ‘हे पडत कसं नाही’ आणि ‘हे कुणी बांधलं’ यात रस येतो, त्यांना आत जरूर न्या. एका मोठ्या माणसामागे तीनपेक्षा जास्त मुलं घेऊ नका. आजूबाजूला स्थानकाची गर्दी असते, हे विसरून चालणार नाही.

आदल्या रात्री टेबलावर

इतिहास जागेवर सांगायला गेलात तर तो गाड्यांच्या घोषणेत बुडतो. जे सांगायचं ते आदल्या रात्री जेवताना सांगा, आणि थोडंच.

मी कोड्याने सुरुवात करते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, निघताना २१ तोफांची सलामी. वाट ३४ किलोमीटरची. मग विचारते, “त्या दिवशी ती माणसं या राजवाड्यातून गाडीत बसली का?” सगळी मुलं ‘हो’ म्हणतात. मग सांगायचं, की त्या वेळी तिथे साधं स्टेशन होतं. या इमारतीचं काम १८७८ ला सुरू झालं आणि १० वर्षं चाललं. म्हणजे गाडी आधी आली, राजवाडा पंचवीसेक वर्षांनी बांधायला घेतला.

माणसं तीनच सांगते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, ज्याने आराखडा केला. रावसाहेब सीताराम खंडेराव, जे सहायक अभियंता होते. हे नाव आवर्जून सांगा, नाहीतर सगळं गोऱ्यांनीच बांधलं असं मुलांच्या डोक्यात बसतं. आणि नाना शंकरशेठ. मुंबईत रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून खटपट करणाऱ्यांत ते होते, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीच्या संचालकांत होते, पहिल्या गाडीत बसलेही होते. त्यांचा चेहरा इमारतीच्या दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेला आहे. “उद्या आपल्याला पगडीवाले नाना सापडतात का बघू,” एवढ्यावर गोष्ट थांबवायची.

मग एक प्रयोग. शाळेची लांब पट्टी टेबलाच्या कडेला अर्धी बाहेर येईल अशी ठेवा. बाहेरच्या टोकावर खोडरबर ठेवलं की ती पडते. आता टेबलावरच्या टोकावर दोन जाड पुस्तकं ठेवा. पट्टी जागच्या जागी राहते, खोडरबरासकट. घुमटाखालचा मोठा जिना असाच आहे. प्रत्येक दगडी पायरीचं एक टोक भिंतीत रोवलेलं आहे, दुसऱ्या टोकाखाली खांब नाही. वरच्या भिंतीचं ओझं म्हणजे आपली पुस्तकं. हा प्रयोग घरी केलेलं मूल तिथे पोचल्यावर पहिल्यांदा जिन्याच्या खालून वाकून बघतं. मी एकदा घाईत हा प्रयोग वगळला, तर त्या वेळी मुलं जिना नुसता चढली.

झोपायच्या आधी तीन नियम. डोकं वर करून चालायचं नाही, आधी थांबायचं आणि मग वर बघायचं. हात सुटला तर ठरलेल्या जागी जाऊन उभं राहायचं (आम्ही दर वेळी मोठ्या इंडिकेटरखालची जागा ठरवतो) आणि मदत लागली तर गणवेशातल्या माणसालाच विचारायचं. आत गेल्यावर आवाज बारीक, कारण शेजारच्या खोलीत कुणीतरी काम करतं आहे.

पिशवी हलकी ठेवा

स्थानकावर बॅगा तपासतात आणि कचेरीच्या भागात सुरक्षा आणखी काटेकोर असते. कंपासमधली कात्री, खेळण्यातली बंदूक, चाकू असलं काही मुलांच्या सॅकमध्ये राहिलेलं नाही ना, हे निघताना बघा. मोठ्यांनी ओळखपत्र घ्यावं. पाण्याची बाटली, टोपी, लाडू किंवा चिक्की, पुठ्ठा लावलेले कोरे कागद, दोन पेन्सिली. दुर्बीण असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून काम भागतं. मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला, मूल दहा वर्षांचं असलं तरी. तुम्ही लोकलने आला नसाल तर फलाटांच्या भागात जाण्यासाठी प्लॅटफॉर्म तिकीट काढा.

उतरल्यावर पहिलं काम स्वच्छतागृह. मग बाकी सगळं.

पहिला अर्धा तास रस्त्यापलीकडे

इमारत बघायला इमारतीपासून लांब जावं लागतं. सबवेने रस्ता ओलांडा, वरून मुलांना घेऊन धावू नका. महापालिका मुख्यालयाच्या कोपऱ्यावर लोक फोटो काढायला थांबतात, तिथून सगळा दर्शनी भाग एका नजरेत येतो.

तिथे गेल्यावर पाच मिनिटं गप्प राहा. मोठ्या माणसांना हे अवघड जातं. आपण लगेच ‘बघ, किती सुंदर’ सुरू करतो. मुलांना आपण होऊन बघू द्या. कुणी घड्याळावर अडकतं, कुणी कबुतरांवर. भाचीने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: “मावशी, इथे खिडक्या मोजता येणारच नाहीत.” त्या एका वाक्यात गॉथिक शैलीचं (टोकदार कमानी, मनोरे आणि भरगच्च कोरीवकाम असलेल्या युरोपीय बांधणीचं) बरंच काही आलं.

मग एक प्रश्न टाका: सगळ्यात वर कोण उभं आहे? मुलं हमखास ‘देवी’ म्हणतात. घुमटाच्या टोकावर साडेसोळा फूट उंचीची स्त्रीमूर्ती आहे. उजव्या हातात उंच धरलेली मशाल, डाव्या हाताशी आऱ्यांचं चाक. ती प्रगतीची मूर्ती. चाक का, हे मुलं स्वतःच सांगतात. तिच्या पायांखालचा घुमट अष्टकोनी आहे, फासळ्या-फासळ्यांचा. एवढा दगडी घुमट खालून आधाराचा सांगाडा न लावता रचला गेला, हे ऐकून मोठी मुलं पुन्हा एकदा वर बघतात. माथ्याच्या खालच्या भागात व्यापार, शेती, अभियांत्रिकी, विज्ञान अशा विषयांच्या मूर्ती आहेत. त्या सगळ्या ओळखायचा हट्ट धरू नका.

रस्त्याकडच्या फाटकाच्या दोन खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ आहे. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. धाकट्याने विचारलं होतं, “दोघं एकाच फाटकावर कसे बसतात?” मी म्हटलं, बसवले म्हणून बसले. त्याला ते पुरलं. थोरलीला नव्हतं पुरलं. तिच्याशी घरी परत येईपर्यंत त्यावर बोलणं चाललं.

घड्याळाखालचा कोनाडा रिकामा आहे, तोही दाखवा. माझ्या मते ही या इमारतीतली मुलांशी बोलायची सगळ्यात चांगली जागा. तिथे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. १८८७ मध्ये तिच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली म्हणून स्थानकाला तिचं नाव दिलं गेलं. स्वातंत्र्यानंतर पुतळा हलवला. १९९६ मध्ये स्थानकाला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला. आजी बोरीबंदर म्हणते, बाबा व्हीटी म्हणतात, ताई सीएसटी म्हणते आणि शाळेत सीएसएमटी लिहायचं असतं, याचा उलगडा मुलांना त्या कोनाड्यापाशी होतो. आमच्याकडे त्या संध्याकाळी धाकट्याने आजीला फोन करून “तुझं नाव सगळ्यात जुनं आहे” असं सांगितलं.

जनावरांची शोधाशोध

आता परत सबवेने इमारतीपाशी या. हा भाग घाईने उरकू नका. मला विचाराल तर सगळा दिवस इथेच गेला तरी चालेल.

कमानींच्या आत, खांबांच्या माथ्यावर, खिडक्यांच्या कडेला, जिथे म्हणून रिकामी जागा होती तिथे पानं, फुलं, पक्षी, जनावरं कोरली आहेत. पिसारा फुलवलेले मोर सापडतात. माकडं सापडतात. पानांच्या जाळीत दडलेली खार सापडायला वेळ लागतो. छपराजवळ भिंतीतून बाहेर मान काढलेली, जबडा उघडलेली चित्रविचित्र जनावरं आहेत. गॉथिक बांधकामात अशा तोंडांचं मूळ काम पावसाचं पाणी भिंतीपासून लांब फेकायचं. मुलांना सांगा, ही पन्हाळी आहे, फक्त तिला तोंड दिलंय. पुढे घरी पाऊस सुरू झाला की गॅलरीच्या पाइपाकडे बघून ती हे आठवतात.

खेळ असा: प्रत्येकाने पाच वेगवेगळे जीव शोधायचे. कुणी ‘सापडलं’ म्हटलं की बाकीच्यांनी तिथे येऊन खात्री करायची. बक्षीस ठेवू नका, भांडणं होतात. दर्शनी भिंतीवर माणसांचे चेहरेही आहेत. कुणाच्या डोक्याला पागोटं, कुणाला पगडी, कुणाच्या दाढ्या. काही चेहरे देशातल्या निरनिराळ्या समाजांचे, काही रेल्वे कंपनीच्या संचालकांचे. नाना शंकरशेठ आणि सर जमशेटजी जीजीभॉय इथेच आहेत. आदल्या रात्रीचं कोडं इथे पुरं होतं.

हे कुणी कोरलं, हे मुलांना सांगण्याजोगं आहे. घुमटावरची मूर्ती आणि फाटकावरचे सिंह-वाघ थॉमस अर्प या शिल्पकाराचे. पण खांबांवरची बरीचशी पानं-फुलं-जनावरं इथून पाच-सात मिनिटांच्या चालीवर असलेल्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी कोरली. तीच आजची सर ज. जी. कलाशाळा, आपण जे. जे. म्हणतो ती. म्हणजे या खारी आणि माकडं शिकणाऱ्या पोरांच्या हातची आहेत. हे ऐकल्यावर मुलांची बघण्याची पद्धत बदलते. “मग त्याच्याकडून चुकलं तर? दगड खोडता येत नाही ना?” असं भाचीने विचारलं आणि ती बराच वेळ एका पानाजवळ उभी राहिली. तिने बोटाने त्याची कड हवेतच गिरवली. कोरीवकामाला हात लावायचा नाही, हे तिला कुणी सांगायला लागलं नाही.

मग सावलीत बसून प्रत्येकाने एकच गोष्ट काढायची. सगळी इमारत कागदावर बसवायचा प्रयत्न करणारं मूल दहा मिनिटांत कंटाळतं. एक मोर, एक कमान, एक नाक, बस्स. पंधरा-वीस मिनिटं द्या. जाण्या-येण्याच्या वाटेत बसू नका. दगडाचा रंगही कागदावर लिहून ठेवायला सांगा: बराचसा पिवळसर दगड मालाडच्या खाणीतला आहे, आणि मालाड मुलांच्या ओळखीचं असतं.

तिकीट खिडकीवरचे तारे

लोकलच्या तिकीट खिडक्यांचं जुनं दालन ‘स्टार चेंबर’ म्हणून ओळखलं जातं. आपण इथे रांगेत उभं राहिलेलो असतो, पण वर कधी पाहिलेलं नसतं. छत कमानीचं, निळ्या रंगावर सोनेरी तारे. खाली गुळगुळीत घोटलेल्या दगडाचे खांब.

इथे एकच पथ्य पाळा: रांगेत किंवा रांगेच्या तोंडाशी उभं राहायचं नाही. कुणाची तरी बारा चाळीसची गाडी असते. भिंतीकडेला सरका, मुलांना समोर घ्या आणि मग वर बघा. एका फेरीत आम्ही सहाजण असे माना वर करून उभे होतो. रांगेतल्या एक आजीबाई आमच्याकडे बघून वर बघायला लागल्या, त्यांच्या मागचा मुलगाही. खिडकीतून “पुढे या” अशी हाक आली तेव्हा त्यांनी तिकीट घेतलं आणि जाताना मला म्हणाल्या, “चाळीस वर्षं येतेय गं मी इथे.”

फोटो काढायचे तर आधी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा. सुरक्षारक्षकांचे आणि तपासणीच्या यंत्रांचे फोटो मुलांना काढू देऊ नका.

आत, जिन्याखाली

संग्रहालयाचं तिकीट काढून आत गेलात की आवाज एकदम गळून पडतो. बाहेरच्या भोंग्यांनंतरची ती शांतता मुलांना आधी जाणवते. घुमटाच्या बरोबर खाली उभं राहून वर बघा. रंगीत काचांमधून ऊन आलं असेल तर पायऱ्यांवर त्याचे डाग पडलेले दिसतात. मग पट्टीचा प्रयोग आठवून जिना खालून बघा, नंतर कडेकडेने एकेक करून चढा. कठड्यावर ओणवायचं नाही, हे इथे पुन्हा एकदा सांगा.

प्रत्येक मुलाने घरून एक प्रश्न तयार करून आणावा आणि माहिती सांगणाऱ्याला स्वतः विचारावा. तुम्ही मुलाच्या वतीने विचारू नका. थोरलीचा प्रश्न होता, विजेची गाडी कधी आली. ३ फेब्रुवारी १९२५ ला, इथूनच कुर्ल्याला, हार्बर मार्गाने, देशातली पहिली. रोज विजेच्या लोकलने फिरणाऱ्या मुलीला ही तारीख पाठ करावी लागली नाही. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याने जिन्यावरून डबा घेऊन चाललेल्या एका काकांना थेट विचारलं, “तुम्ही रोज इथे जेवता?” ते थांबले, हसले, म्हणाले, “तीस वर्षं झाली बाळा,” आणि त्याला वरच्या व्हरांड्यातला त्यांचा आवडता खांब दाखवला, जिथून समोरच्या महापालिकेचा मनोरा दिसतो. तो आजही त्या इमारतीला ‘डबेवाल्या काकांचं ऑफिस’ म्हणतो.

व्हरांड्यांकडे मोठ्या मुलांचं लक्ष वेधा. दर्शनी भाग युरोपातल्या चर्चसारखा दिसतो, पण खोल्यांपुढून रुंद व्हरांडे फिरवले आहेत, ऊन आणि पाऊस अडावा म्हणून. आपल्या हवेसाठी केलेला हा बदल आहे. २००४ मध्ये युनेस्कोने ही वास्तू जागतिक वारसायादीत घेतली ती अशा मिलाफासाठी.

तासाभरात बाहेर या. मूल थकल्याची खूण म्हणजे ते भिंतीला टेकू लागतं. तेव्हा उरलेली एक खोली सोडून द्या.

२६/११ बद्दल विचारलं तर

मोठी मुलं विचारतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच स्थानकात लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला हल्ला झाला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. गेलेल्यांची आठवण स्थानकात जपलेली आहे. मूल तिथे थांबलं तर त्याला ओढून पुढे नेऊ नका. दहा वर्षांखालच्या मुलाला मी एवढंच सांगते: इथे वाईट माणसांनी लोकांना मारलं, आणि इथल्याच लोकांनी कितीतरी जणांना वाचवलं. त्या रात्री घोषणा करणाऱ्या कर्मचाऱ्याने जागा न सोडता प्रवाशांना कुठून बाहेर पडायचं ते माइकवरून सांगितलं होतं. मुलं मग फलाटावरची घोषणा वेगळ्या लक्षाने ऐकतात. त्यापुढचं विचारलं नाही तर सांगू नका. विचारलं तर घरी, बसून.

समोरची महापालिका

शनिवार-रविवारची दुसरी फेरी काढणार असाल तर ही इमारत आतून बघा, नाहीतर बाहेरून वीस मिनिटं पुरतात. हीसुद्धा स्टीव्हन्सचीच. पायाभरणी डिसेंबर १८८४ मध्ये लॉर्ड रिपनच्या हस्ते, प्रत्यक्ष बांधकाम १८८९ ते १८९३. मनोरा सुमारे २३५ फूट. पुढे फिरोजशहा मेहतांचा पुतळा. दर्शनी भागावर पंखवाली स्त्री आहे, मुंबई शहराचं रूप म्हणून. इथला खेळ म्हणजे ‘सारखं काय, वेगळं काय’. दोन्ही इमारती एकाच माणसाच्या हातच्या आणि मधे फक्त रस्ता, म्हणून मुलांना मान फिरवून ताडून बघता येतं.

पैशाचा हिशेब आवडणाऱ्या मुलाला हे द्या: अंदाजपत्रक होतं ११,८८,०८२ रुपयांचं, खर्च झाला ११,१९,९६९. किती वाचले, ते तोंडी करायला सांगा.

आत गेलात तर सभागृहापाशी जास्त वेळ थांबा. मुंबईचे २२७ प्रभाग आहेत आणि त्या प्रत्येकाचा नगरसेवक इथे येऊन बसतो. मुंबईत राहणाऱ्या मुलाला सांगा, तुझ्या नळाचं पाणी, कचऱ्याची गाडी, कोपऱ्यावरची बाग, या सगळ्यावरचे वाद इथे होतात. घरून निघताना आपला वॉर्ड (म्हणजे बरेच प्रभाग मिळून होणारा महापालिकेचा विभाग) कोणता, त्याचं अक्षर काय, हे कचऱ्याच्या गाडीवरून वाचून यायला सांगितलं तर मूल तयारीनिशी येतं. ठाण्या-डोंबिवलीच्या मुलांनी आपापली महापालिका कुठे आहे ते शोधावं. ती इमारत जुनी नसेल, पण काम तेच आहे.

खाणं आणि परतीची गाडी

मुलांना मधे चिक्कीवर ठेवा, पोटभर खाणं शेवटी. समोरच ‘आराम’चा वडापाव आहे, पुरी-भाजी हवी तर बाजारगेटच्या बाजूला ‘पंचम पुरीवाला’, आणि महापालिकेच्या बाजूला ‘कॅनन’ची पावभाजी. तिन्ही ठिकाणी गर्दी असते, बसायला जागा मिळेलच असं नाही. आजी-आजोबा बरोबर असतील तर बसायची सोय आधी बघा.

काळोख पडला की दोन्ही इमारतींवर दिवे लागतात आणि मुलांना ते बघायचे असतात. मग अर्धवट थांबू नका. एकतर पाचच्या आत लोकलमध्ये बसा, किंवा दिवे निवांत बघून साडेआठनंतर निघा. मधल्या वेळात थकलेलं मूल घेऊन फास्ट लोकलमध्ये शिरणं जिवावर येतं.

आम्ही मुद्दाम ठाण्याची स्लो पकडतो. इथूनच सुटते, खिडकी मिळते, आणि १८५३ ची गाडीही ठाण्यालाच गेली होती. सीएसएमटी धरून १९ स्टेशनं आहेत. धाकटा दर वेळी मोजायला बसतो. कुर्ल्यापर्यंत जागा असतो, मग मांडीवर झोपतो, आणि ठाण्याला उतरवून डोंबिवलीच्या गाडीत चढवताना कागदावरचा मोर चुरगळू नये म्हणून तो मला हातात धरावा लागतो.